घड्याळ तेच, पाटी दुसरी: अमेरिकी शहरांच्या दुकानांची नावं कुठे गेली?

आज आपण दुकानाच्या पाटीबद्दल बोलणार आहोत. विषय लहान वाटेल, पण तसा तो नाही.

9 सप्टेंबर 2006, शनिवार. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर एका मोठ्या दुकानाच्या कोपऱ्यावर, तिथल्या हिरव्या घड्याळाखाली माणसं हातात फलक घेऊन उभी होती. दुकान बंद पडलं होतं म्हणून नव्हे. दुकान चालू होतं. आतले विक्रेते बहुतेक तेच, सरकते जिने तेच, सातव्या मजल्यावरचं रेस्टॉरंटही तेच. त्या दिवशी बदललं होतं ते फक्त नाव. ‘मार्शल फील्ड्स’चं ‘मेसीज’ झालं होतं. आणि शिकागोतच नव्हे, देशभरातल्या सुमारे 400 दुकानांवर त्याच सुमाराला ‘मेसीज’ची पाटी चढली.

आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. ज्या दुकानात आपला एक शेअरही नाही, त्याच्या नावासाठी माणसं रस्त्यावर का येतात, हा एक. आणि दुसरा जास्त अवघड: ज्या मालक कंपन्यांनी ही स्थानिक नावं सत्तर-पंचाहत्तर वर्षं जपली, त्यांनीच ती अचानक का टाकून दिली? वर्तमानपत्रांतून पहिल्या प्रश्नावर खूप लिहिलं गेलं. आम्हाला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, पण आधी दुकान कसं होतं ते पाहू, म्हणजे पुढचं कळेल.

शब्दाचा एक घोटाळा आधी दूर करू. आपल्याकडे कॉलनीतल्या जरा मोठ्या किराणा दुकानावरही ‘डिपार्टमेंटल स्टोअर्स’ अशी पाटी असते. इथे ते अभिप्रेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या आणि युरोपच्या शहरांत जी प्रचंड इमारतींची दुकानं उभी राहिली, त्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत. एका मजल्यावर कापड, दुसऱ्यावर फर्निचर, तिसऱ्यावर काचसामान, वर जेवणाची जागा. वस्तूवर किंमत लिहिलेली, त्यामुळे घासाघीस नाही. नाही आवडलं तर परत करा. काही न घेता नुसतं हिंडलात तरी कोणी हटकणार नाही. हे सगळं त्या काळी नवीन होतं. घराबाहेर पडलेल्या मध्यमवर्गीय बाईला एकटीने निर्धास्त बसता येईल, जेवता येईल, अशी शहराच्या मध्यावरची जागा तेव्हा फारशी नव्हती. ती या दुकानांनी दिली.

मार्शल फील्ड हा मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनवे या गावचा माणूस. जन्म 1834. 1856 मध्ये तो शिकागोत आला, कापडाच्या धंद्यात नोकरीला लागला, 1865 मध्ये भागीदार झाला. 1871 च्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळाला, त्यात हे दुकानही गेलं आणि पुन्हा उभं राहिलं. 1881 पासून त्यावर त्याचं एकट्याचं नाव आलं. आज आपण पाहतो ती इमारत 1892 ते 1914 या काळात टप्प्याटप्प्याने झाली. कोपऱ्यावरचं घड्याळ 1897 चं. आत टिफनीच्या रंगीत काचतुकड्यांचं छत 1907 चं. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘वॉलनट रूम’मध्ये नाताळात मोठं झाड लावायचं आणि त्याच्याभोवती बसून कुटुंबाने जेवायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. लंडनमध्ये 1909 मध्ये स्वतःच्या नावाचं दुकान काढणारा सेल्फ्रिज इथेच तयार झाला.

‘घड्याळाखाली भेटू’ हे शिकागोत फील्ड्सबद्दल म्हणायचे, पिट्सबर्गमध्ये ‘कॉफमन्स’च्या घड्याळाबद्दल, फिलाडेल्फियात ‘वॉनमेकर्स’च्या ब्राँझच्या गरुडाबद्दल. मुंबईकराला हे समजवायला नको. ‘इंडिकेटरखाली भेटू’ म्हटलं की पत्ता पुरा होतो. एखादी जागा शहरातल्या भेटीगाठींचा पत्ता झाली, की तिची मालकी कागदावर कोणाची आहे हे कोणी विचारत नाही.

पण मालकी होतीच ना, आणि ती फार आधी शहराबाहेर गेली होती. गोष्टीतला कळीचा मुद्दा हाच आहे.

1929 मध्ये ‘फेडरेटेड डिपार्टमेंट स्टोअर्स’ नावाची कंपनी निघाली. बॉस्टनचं ‘फाइलीन्स’, ब्रुकलिनचं ‘अब्राहम अँड स्ट्रॉस’, कोलंबसचं ‘लाझरस’ ही वेगवेगळ्या शहरांतली, वेगवेगळ्या घराण्यांची दुकानं तिच्यात एकत्र आली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचं ‘ब्लूमिंगडेल्स’ आलं. हेतू साधा होता: एका शहरात धंदा बसला तर दुसऱ्या शहराने सावरून घ्यावं. ‘मे’ ही दुसरी मोठी कंपनी, तिचा उगम 1877 मधल्या कोलोरॅडोतल्या लेडव्हिल या खाणीच्या गावात. तिनेही अशीच शहरोशहरीची दुकानं घेतली. भांडवल वर एकत्र, पण खाली प्रत्येक दुकानाचं नाव, त्याचा अध्यक्ष, त्याचे खरेदी अधिकारी, त्याच्या जाहिराती सगळं त्या त्या शहराचं. गिऱ्हाइकाला मालक बदलल्याचा पत्ताही लागत नसे.

नाव का ठेवलं? मालक भावुक होते म्हणून नाही. नाव ठेवणंच फायद्याचं होतं. हे समजायला जाहिरात कशी चालायची ते बघा. दुकानं जाहिरात करायची ती शहराच्या दैनिकात, पानंच्या पानं. हीच दुकानं त्या दैनिकांची सर्वांत मोठी गिऱ्हाइकं असत. शिकागोचं दैनिक शिकागोत वाचलं जाई. मग दुकानाचं नाव सिएटलमध्ये कोणाला माहीत नसलं तरी बिघडलं काय? उलट पन्नास वर्षं रोज छापून लोकांच्या डोळ्यांत बसलेलं नाव म्हणजे फुकटात मिळालेली ठेव. ती मोडून नवं नाव रुजवायचं तर खर्च नव्याने, आणि वर गिऱ्हाइकांचा राग.

खरेदीचंही तसंच. मिनियापोलिसला कोट कधी विकायला काढायचे आणि मायामीला कधी, हे न्यूयॉर्कला बसून कळत नाही. दुकानाचा स्वतःचा खरेदी अधिकारी गावातला असायचा, त्याला ठाऊक असायचं.

हे गणित 1980-90 च्या दशकांत उलटं झालं. टीव्हीवरची देशव्यापी जाहिरात सगळ्या शहरांत दिसते, पैसे सगळ्या शहरांचे मोजावे लागतात. तुमची दुकानं दहा नावांची असतील, तर ती जाहिरात कोणाच्या नावाने करणार? वॉलमार्ट, टार्गेट, कोल्स, जे. सी. पेनी हे सगळे प्रतिस्पर्धी एकेका नावाने चालत होते. मेसीजची ‘थँक्सगिव्हिंग’ची मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये 1924 पासून निघते आणि टीव्हीवर ती देशभर दिसते. म्हणजे शिकागोतलं कुटुंब दर नोव्हेंबरात घरी बसून अशा दुकानाची जाहिरात कित्येक तास बघत होतं, जे त्यांच्या शहरात नव्हतंच! कंपनीच्या नजरेने पाहिलं तर ही केवढी नासाडी. त्यात भर म्हणून इंटरनेटवरचं एकच दुकान, एकच क्रेडिट कार्ड, स्वतःच्या छापाचे कपडे, लग्नाच्या भेटवस्तूंची एकच यादी. या प्रत्येक गोष्टीला एक नाव सोयीचं, दहा नावं अडचणीची.

आणि एक नाव कोणतं, याचीही गंमत आहे. मेसीजने फेडरेटेडला विकत घेतलं असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात उलट झालं. फेडरेटेड कर्जाच्या ओझ्याखाली 1990 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 1992 मध्ये बाहेर आली. मेसीज 1992 मध्ये दिवाळखोरीत गेलं, आणि 1994 मध्ये फेडरेटेडने ते घेतलं. ओहायोतल्या सिनसिनाटीच्या कंपनीने न्यूयॉर्कचं नाव विकत आणलं, ते आपल्याच बाकीच्या दुकानांवर चढवलं आणि शेवटी 2007 मध्ये स्वतःचंही नाव टाकून ‘मेसीज’ झाली. दुकानं गिळणाऱ्या कंपनीचं स्वतःचं नावही त्यात गेलं.

सुरुवात 1995-96 मध्ये झाली. ब्रुकलिनचं अब्राहम अँड स्ट्रॉस गेलं, बॉस्टनचं ‘जॉर्डन मार्श’ गेलं, कॅलिफोर्नियातली ‘ब्रॉडवे’, ‘बुलक्स’ गेली. मग 2003 मध्ये कंपनीने एक मधला मार्ग काढला: जोडनाव. अटलांटात ‘रिचेस-मेसीज’, सिएटलमध्ये ‘बॉन-मेसीज’, फ्लोरिडात ‘बर्डाइन्स-मेसीज’, ओहायोत ‘लाझरस-मेसीज’. आपल्याकडे लग्नानंतर काही जणी माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लावतात, तसं दिसायला. फरक इतकाच, की इथे माहेरचं आडनाव किती दिवस ठेवायचं हे सासरने ठरवलं होतं. मार्च 2005 मध्ये जोडनावातला पहिला भाग पुसला गेला. लोकांना सवय लावण्यासाठीच ती आडवी रेघ होती, असं आमचं मत आहे.

2005 मध्येच फेडरेटेडने ‘मे’ कंपनी सुमारे 11 अब्ज डॉलरला घेतली. तिच्याबरोबर फील्ड्स, फाइलीन्स, कॉफमन्स, सेंट लुईसचं ‘फेमस-बार’, ह्यूस्टनचं ‘फोलीज’, वॉशिंग्टनचं ‘हेक्ट्स’, फिलाडेल्फियाचं ‘स्ट्रॉब्रिजेस’, पोर्टलंडचं ‘मायर अँड फ्रँक’ अशी नावं आली. या वेळी जोडनावाचा सोपस्कारही नाही. 20 सप्टेंबर 2005 ला फील्ड्सचं नाव जाणार हे जाहीर झालं, आणि वर्षाच्या आत गेलं.

यात बॉस्टनच्या फाइलीन्सची कथा चटका लावणारी आहे. 1929 मध्ये फेडरेटेड उभारणाऱ्यांपैकी ते एक. 1988 च्या सौद्यात ते ‘मे’कडे गेलं. 2005 मध्ये पुन्हा जुन्या घरी आलं. पण बॉस्टनच्या त्या चौकात रस्त्यापलीकडे आधीच मेसीज होतं, म्हणजे पूर्वीचं जॉर्डन मार्श. समोरासमोर दोन मेसीज कशाला? म्हणून फाइलीन्सच्या मुख्य दुकानाची नुसती पाटी गेली नाही, दुकानच गेलं.

आता शिकागोकडे परत जाऊ. इथे आम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण निषेधाच्या कथेत ती बहुधा वगळली जाते. 2006 मध्ये ज्या नावासाठी लोक उभे राहिले, त्या नावाने पाचच वर्षांपूर्वी दोन शहरांची नावं पुसली होती. फील्ड्स 1982 मध्ये ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको या ब्रिटिश कंपनीकडे गेलं होतं, 1990 मध्ये ते मिनियापोलिसच्या ‘डेटन हडसन’ने घेतलं. ही कंपनी म्हणजे मिनियापोलिसचं ‘डेटन्स’ आणि डेट्रॉइटचं ‘हडसन्स’. 2001 मध्ये तिने ठरवलं, तीन नावं नकोत, सगळ्यांत वजनदार नाव फील्ड्स, तेच सगळीकडे लावा. हडसन्सची डेट्रॉइटमधली मुख्य इमारत तर 1998 मध्येच सुरुंग लावून पाडली होती. उपनगरातल्या मॉलमध्ये नाव तेवढं उरलं होतं, तेही गेलं. मिनियापोलिसच्या लोकांनी पाच वर्षांत डेटन्सचं फील्ड्स आणि फील्ड्सचं मेसीज होताना पाहिलं. डेटन कुटुंबाच्या कंपनीने 1946 पासून करपूर्व नफ्याचे 5 टक्के समाजकार्याला देण्याची प्रथा पाडली होती. ‘टार्गेट’ याच कंपनीने 1962 मध्ये काढलं, आणि तेच पुढे इतकं वाढलं की मूळ दुकानं 2004 मध्ये विकून टाकली गेली. म्हणजे फील्ड्सचं नाव एकदा जेता होतं, एकदा जित. तर्क दोन्ही वेळा तोच.

आता पहिला प्रश्न. लोक का चिडले? ‘आठवणी’ हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. फील्ड्सच्या ‘फ्रँगो’ नावाच्या पुदिन्याच्या चॉकलेटचंच घ्या. ते शिकागोचं मानलं जातं. मुळात ते सिएटलच्या ‘फ्रेडरिक अँड नेल्सन’ या दुकानाचं. फील्ड्सने ते दुकान 1929 मध्ये घेतलं आणि चॉकलेटही आलं. स्टेट स्ट्रीटच्या इमारतीत तेराव्या मजल्यावर ते बनायचं. 1999 मध्ये ते काम पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्याला दिलं, तेव्हाही शहरात मोठी ओरड झाली. नाव तेच होतं, डबा तोच होता. मग राग कशाचा? तेराव्या मजल्यावरच्या नोकऱ्या गेल्या त्याचा, आणि ‘हे इथे होतं’ असं म्हणण्याचा हक्क गेला त्याचा. 2006 चं नाव जाणं ही त्या माळेतली शेवटची गोष्ट होती. नावामागे शहरातल्या नोकऱ्या असतात: खरेदी अधिकारी, जाहिराती करणारे, खिडक्या सजवणारे. दैनिकाचं जाहिरातीचं उत्पन्न असतं. नाव एक झालं की ही कामंही एका जागी जातात. गिऱ्हाइकाला हे आकड्यांत माहीत नसतं, पण पाटी पाहून अंदाज येतो.

तरी ही दुकानं सर्वांची होती असं म्हणताना जरा थांबावं लागतं. अटलांटाच्या ‘रिचेस’चं उदाहरण पाहू. मंदीच्या काळात महापालिकेकडे शिक्षकांच्या पगाराला रोकड नव्हती, हुंड्यांसारखे कागद दिले जात. रिचेसने ते पूर्ण किमतीला वटवून दिले, आमच्याकडेच खरेदी करा अशी अट न घालता. अटलांटाने हे कधी विसरलं नाही. आणि त्याच रिचेसच्या ‘मॅग्नोलिया रूम’मध्ये काळ्या गिऱ्हाइकाला जेवायला बसता येत नव्हतं. वर कपडे घ्या, पैसे द्या, पण टेबलाशी बसू नका. ऑक्टोबर 1960 मध्ये विद्यार्थ्यांनी तिथे धरणं धरलं, त्यात मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली. पुढच्या वर्षी ती बंदी उठली. सगळ्या शहराला सामावणारी जागा आहे असं ज्या दुकानाबद्दल म्हटलं जातं, तिथेच नाकारलं जाणं जास्त जिव्हारी लागतं. रिचेसचं नाव गेल्याचं दुःख अटलांटात सगळ्यांना सारखंच झालं असेल, असं आम्ही म्हणणार नाही.

पुढे काय झालं? शिकागोत विक्री घसरली. किती नावामुळे आणि किती मालामुळे, हे वेगळं काढता येत नाही, आणि 2008 ची मंदी लगेच आली. पण कंपनीने काय केलं ते बोलकं आहे. 2008 मध्ये तिने ‘माय मेसीज’ या नावाची योजना आणली: देशाचे लहान लहान जिल्हे पाडायचे, प्रत्येकात तिथल्या आवडीनिवडी जाणणारी माणसं नेमायची, आणि कोणत्या दुकानात कोणता माल हवा हे त्यांनी कळवायचं. म्हणजे गावातला खरेदी अधिकारी! तो आधी होता, त्याला काढलं, मग त्याचं काम परत आणलं. पाटी मात्र परत आणली नाही.

मग मोठ्या इमारती एकेक करून रिकाम्या झाल्या. पिट्सबर्गची कॉफमन्सची 2015 मध्ये, मिनियापोलिसची डेटन्सची 2017 मध्ये, सिएटलची बॉनची 2020 मध्ये. फिलाडेल्फियाच्या वॉनमेकर्सच्या इमारतीवर 1995 नंतर हेक्ट्स, लॉर्ड अँड टेलर आणि मेसीज अशा तीन पाट्या लागल्या. मार्च 2025 मध्ये तिसरीही उतरली. हे सगळं नाव बदलल्यामुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. मॉल, स्वस्त साखळ्या आणि ऑनलाइन खरेदीने या दुकानांचा धंदा पोखरलाच होता, आणि जुन्या नावाने ती तगली असती याची खात्री कोण देणार? पण एक गोष्ट खरी: दुकान गेलं तेव्हा शहरात कोणी फारसं रस्त्यावर आलं नाही. ते शोक आधीच करून बसले होते.

स्टेट स्ट्रीटचं दुकान मात्र नाव बदलल्यावरही चालू राहिलं. वरचे मजले कंपनीने 2018 मध्ये विकले. इमारतीच्या कोपऱ्यांवर ‘मार्शल फील्ड अँड कंपनी’ या अक्षरांच्या जुन्या धातूच्या पाट्या अजून आहेत. शिकागोच्या शॉम्बर्ग उपनगरात, जिथे आपली बरीच मंडळी राहतात, ‘वुडफील्ड’ नावाचा 1971 चा मॉल आहे. त्या नावातलं ‘फील्ड’ म्हणजे शेत नव्हे. सीयर्सचे जनरल वुड आणि मार्शल फील्ड या दोघांची नावं जोडून ते केलं आहे. आपली माणसं दर आठवड्याला ते नाव घेतात, बहुधा माहीत नसताना.

एका श्रोत्याने आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे: कंपनीला नको असलेलं नाव दुसऱ्या कोणी घेऊन दुकान काढलं तर? चांगला प्रश्न आहे. अमेरिकी कायद्यात ट्रेडमार्क सलग तीन वर्षं वापरला नाही, तर तो सोडून दिल्याचं प्रथमदर्शनी गृहीत धरता येतं. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने याच आधारावर फील्ड्स, फाइलीन्स, जॉर्डन मार्श अशी जुनी नावं आपल्याकडे नोंदवायचा प्रयत्न केला. मेसीजने 2011 मध्ये तिच्यावर दावा लावला. नावं आम्ही सोडलेली नाहीत, वापरतो आहोत, असं मेसीजचं म्हणणं. कशावर वापरता? तर टी-शर्टवर. मेसीजच्या ऑनलाइन दुकानात या जुन्या दुकानांची नावं छातीवर छापलेले टी-शर्ट विकायला ठेवले होते.